अंगणवाडी परिषदेचे अभिप्राय : प्रकल्प नोंदी (जानेवारी ते एप्रिल 2025)

13 जानेवारी, सोमवार

परिषद शनिवारी. मंडप, जेवण, बॅनर, पाहुणे ही कामं इतरांकडे आहेत, माझ्याकडे अभिप्राय. आज त्याचा कागद पक्का केला.

आधीच्या कार्यक्रमांचे फॉर्म फाइलमधून काढून वाचले. 'कार्यक्रम कसा वाटला?' या प्रश्नाखाली ओळीने 'छान', 'खूप छान', 'मोलाचे मार्गदर्शन लाभले', 'असे कार्यक्रम वारंवार व्हावेत'. पुढच्या वेळी काय बदलायचं हे त्यातून कळत नाही. यात सेविकांचा दोष नाही. वर नाव, गाव, केंद्र क्रमांक लिहायचा आणि कागद केंद्रं तपासणाऱ्या मुख्यसेविकेच्या हातात द्यायचा असेल, तर खाली कोण काय वेगळं लिहील?

म्हणून या वेळी नाव नाही, केंद्र क्रमांक नाही. फक्त बीट (एका मुख्यसेविकेकडच्या केंद्रांचा गट) आणि पद. कागद घडी करून खोक्यात टाकायचा आणि ते खोकं थेट आमच्या संस्थेच्या कार्यालयात उघडायचं. प्रकल्प अधिकारी मॅडमनी याला लगेच होकार दिला, ही मोठी गोष्ट आहे. प्रश्न तीनच ठेवले. सोमवारी अंगणवाडीत गेल्यावर यातलं काय करून बघाल? काय समजलं नाही, किंवा आपल्या केंद्रात जमणार नाही असं वाटलं? इथे आणखी कोण असायला हवं होतं? मागची बाजू पूर्ण कोरी, मनातलं लिहायला. शिवाय प्रत्येक सत्राच्या नावापुढे आवडलं-नावडलं दाखवणारे हसरे-रडवे चेहरे आहेत. ते मला नको होते, पण अहवालात आकडे लागतात म्हणून राहिले.

दिवसांची विभागणी ठरलीच आहे. शनिवारी सेविका, रविवारी मदतनीस. दोघी एकाच दिवशी आल्या तर केंद्राला कुलूप लागतं आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा त्या दिवसाचा गरम आहार बुडतो. आमच्या पट्ट्यात काही मुलांसाठी तो दिवसातला सगळ्यात भरवशाचा घास असतो. त्यामुळे याला पर्याय नाही, असं सर्वांचं मत. आजवर मदतनिसांना परिषदेला बोलावलं जात नव्हतं त्यामागेही हेच कारण सांगितलं जायचं.

18 जानेवारी, शनिवार, रात्री

सेविकांचा दिवस पार पडला. थकलेय, पण आजच लिहून ठेवते, नाहीतर उद्याच्या धांदलीत विसरेन.

सकाळचं सत्र शून्य ते तीन वयोगटावर. गृहभेटीत पालकांशी काय बोलायचं, बाळाशी बोलणं-खेळणं म्हणजे नेमकं काय, हे सेविकांनीच एकमेकींना करून दाखवलं. 2024 मध्ये केंद्र सरकारने 'नवचेतना' आणि 'आधारशिला' हे दोन आराखडे आणले, एक तीन वर्षांच्या आतल्या बाळांसाठी, दुसरा तीन ते सहासाठी. 'पोषण भी पढाई भी' या सरकारी कार्यक्रमाच्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणात बऱ्याच जणींच्या कानावर ते आलंय. पण झोपडीच्या ओट्यावर बसून, शेजारी कोंबड्या फिरत असताना, सासूसमोर ते कसं करायचं हा प्रश्न वेगळा असतो आणि आज तो मोकळेपणाने विचारला गेला.

दुपारी साहित्याचं दालन. करवंट्या, शिंपले, चिंचोके, रंगीत बिया, बांबूच्या कापट्या. या पालघर जिल्ह्यात हे काम करताना कोसबाडची टेकडी नजरेआड करता येत नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, 1957 मध्ये ते कोसबाडला नेलं. मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत, तर बालवाडी त्यांच्या अंगणात न्यायची, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा भरवायची, हातात येईल त्या पानाफुलांनी शिकवायचं, हे सगळं इथलंच. 2 ऑक्टोबर 1975 ला देशातल्या 33 प्रकल्पांत एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली, त्याच्या कितीतरी आधीचं. दालनात उभ्या असलेल्या सेविकांना हा वारसा सांगावा लागला नाही, त्यांच्या हातात होता.

सगळ्यात लांब रांग कुठे लागली? कोपऱ्यातल्या पोषण ट्रॅकरच्या, म्हणजे नोंदी भरायच्या मोबाइल अ‍ॅपच्या, टेबलाशी. जेवणाच्या सुट्टीत ताट हातात धरून बायका उभ्या होत्या. एकाच मुलाची दोनदा झालेली नोंद, आधार न जुळणं, माहेरी गेलेली गरोदर बाई, उंची भरली तरी 'अपूर्ण' दाखवणारा पडदा. टेबलावरची मुलगी एकटी होती आणि ती पाणी प्यायलाही उठली नाही.

साडेतीननंतर डोंगरपट्ट्यातल्या सेविका उठायला लागल्या. शेवटची एसटी चुकली तर मुक्काम. भाषेवरचं सत्र त्यानंतर होतं, आणि घरात वारली बोलणाऱ्या मुलांचा प्रश्न सर्वाधिक ज्यांचा, त्याच निघून गेलेल्या. खोक्यात त्यांचे कागद आहेत, पण त्या सत्राबद्दल त्यांत काही नसणार. हे अहवाल वाचणाऱ्याला समजलं पाहिजे. 'भाषेचं सत्र आवडलं' असं जे येईल ते बहुतांशी किनारपट्टीच्या बीटांचं असेल.

19 जानेवारी, रविवार

मदतनिसांचा दिवस. काही सेविका आपणहून सोबत आल्या.

आज बॅनर कालचाच, त्यावर 'अंगणवाडी सेविका परिषद'. पाहुणे नव्हते, सत्कार नव्हते. जेवण मात्र आज जास्त चांगलं झालं होतं, बायकांनी स्वतः वाढायला घेतलं.

कागद भरताना पाहत होते. एकेका सेविकेभोवती दोन-तीन मदतनीस बसलेल्या. सेविका विचारणार, 'काय लिहू गं?' मदतनीस म्हणणार, 'लिहा तुम्हीच, चांगलं होतं म्हणून.' आणि सेविका लिहिणार. ओळखीची शाई, ओळखीचं अक्षर, दोन-तीन कागदांवर तेच वाक्य. माझ्या सहकारीला म्हटलं, हे कागद वेगळ्या पाकिटात ठेव. ते टाकायचे नाहीत, पण मदतनिसांचं म्हणणं म्हणून मोजायचेही नाहीत. ते ऐकायला आपल्याला त्यांच्याकडे जावं लागेल.

21 जानेवारी, मंगळवार

आज दिवसभर खोकं. जमिनीवर सतरंजी टाकून बीटनिहाय गठ्ठे लावले, मग पदानुसार.

चेहऱ्यांचा हिशोब चहा व्हायच्या आत संपला. जवळजवळ सगळे हसरे. भाषेच्या सत्राला हजर नसलेल्यांनीही त्यापुढे हसराच चेहरा रंगवलाय. याउपर त्या चेहऱ्यांबद्दल काही लिहिण्यासारखं नाही.

शब्दांकडे वळल्यावर मात्र दुपार कधी झाली कळलं नाही. 'सोमवारी काय कराल?' या प्रश्नाने काम केलं. बायकांनी अगदी ठोस लिहिलंय. कोणी लिहिलंय की चिंचोक्यांचे पाच-पाचचे पुंजके करायला देईन. कोणी, की आधी मुलाला त्याच्या बोलीत गोष्ट सांगू देईन, मग मी मराठीत सांगेन. एकीने लिहिलंय, गृहभेटीत आजवर फक्त आईशी बोलत होते, आता आजीला समोर बसवणार, कारण बाळ दिवसभर तिच्याकडे असतं. हे वाक्य मी पुन्हापुन्हा वाचलं. आमच्या प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत चित्रं सगळी आई आणि बाळाची. वीटभट्टीवर, वाडीत, कंपनीत कामाला जाणाऱ्या आईच्या घरात बाळाला सांभाळतं कोण, हे सेविकेला ठाऊक आहे.

दुसऱ्या प्रश्नाखालीही खरं आलं. 'आकार' या अंगणवाडीच्या अभ्यासक्रमातल्या वेळापत्रकानुसार सकाळी मुक्त खेळ, मग गोष्ट, मग गाणी, मग कोपऱ्यातला खेळ असं ठरवलं, तरी दहा वाजता कोणी दाखल्याला येतं, साडेदहाला लसीकरणाचा निरोप, अकराला ट्रॅकरमधला फोटो. मग मुलांबरोबरचा सलग वेळ राहतो किती? जुलै 2024 पासून लाडकी बहीणचे अर्ज आले, तेव्हाचे दिवस अजून त्यांच्या अंगावर आहेत. एका कागदावर फक्त एवढंच, की मला शिकवायचं आहे, पण मला शिकवताना कोणी पाहत नाही, नोंदी मात्र सगळे पाहतात.

तिसऱ्या प्रश्नाला सगळ्यात जास्त वेळा आलेलं उत्तर आम्ही धरलंच नव्हतं. पहिलीचे शिक्षक. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय. म्हणजे अंगणवाडीतली तीन वर्षं आणि पहिली-दुसरी एका साखळीत. कागदावर ही साखळी जोडली गेली, पण गावात सेविका आणि पहिलीचे गुरुजी यांची भेट होते ती शाळापूर्व तयारी मेळाव्यापुरती. सेविकांचं म्हणणं असं, की आम्ही खेळातून शिकवतो आणि जूनमध्ये गुरुजी विचारतात, 'याला अजून अ आ इ लिहिता येत नाही?' मग पालक आमच्यावर रागावतात आणि पोराला चार वर्षांचा असतानाच इंग्रजी केजीत घालतात. हे गुरुजींच्या समोर बोललं जायला हवं, गुरुजींच्या पाठीमागे नव्हे, असंही एकीने लिहिलंय.

'कोण हवं होतं' याखाली आशा आणि एएनएम आहेत, सरपंच आहेत. आणि काही कागदांवर, शनिवारच्या गठ्ठ्यात, 'आमची मदतनीस'.

कोऱ्या बाजूचं उद्या.

22 जानेवारी, बुधवार

मागच्या बाजू वाचल्या. अपेक्षेप्रमाणे मानधन. ऑक्टोबर 2024 मध्ये राज्य सरकारने वाढ दिली, त्यातला काही भाग प्रोत्साहन भत्ता म्हणून निकषांना जोडला. ते निकष नक्की कोणते आणि रेंज नसल्यामुळे राहिलेली नोंद कोणाच्या नावे धरणार, हा प्रश्न पुन्हापुन्हा आलाय. ग्रॅच्युइटीबद्दलही आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2022 मध्ये अंगणवाडी सेविका-मदतनीस ग्रॅच्युइटी कायद्याखाली येतात असा निकाल दिला, हे त्यांना माहीत आहे, वर्षसुद्धा लिहिलंय.

कार्यालयात यावर चर्चा झाली. एक मत असं, की परिषद शैक्षणिक होती, मानधनाचे मुद्दे अहवालात घ्यायचे नाहीत, ते संघटनांचं क्षेत्र. मी याच्या विरोधात बोलले आणि इथेही लिहून ठेवते. डिसेंबर 2023 मध्ये सुरू झालेला संप पन्नास दिवसांच्या वर चालला. त्या काळात याच बायका मुलांना सोडून रस्त्यावर बसल्या होत्या आणि त्यातल्या अनेकींना केंद्र बंद असल्याचं दुःख होतं. बाईला महिन्याच्या शेवटी हातात किती पडणार ते माहीत नसेल, तर ती चित्रपट्ट्या बनवायला पुठ्ठा कुठून आणेल? आपण विचारलं, कोरी जागा दिली, तिने लिहिलं. आता ते गाळायचं तर विचारायलाच नको होतं. शेवटी ठरलं की स्वतंत्र परिच्छेद येईल, त्यांच्याच शब्दांत, आमच्या टिप्पणीशिवाय.

इतर लहानसहान बाबी. प्रसाधनगृहात पाणी दुपारी संपलं. स्टेजवरचा सत्कार लांबला. तान्ही बाळं घेऊन आलेल्या सेविकांसाठी वेगळी खोली नव्हती, त्या मागच्या भिंतीला टेकून पाजत बसल्या. शून्य ते तीनच्या बाळांवर बोलायला जमलेल्या सभागृहात शून्य ते तीनच्या बाळांना जागा हवीच होती. पुढच्या कार्यक्रमाच्या खर्चपत्रकात चटया, पाळणा आणि सांभाळायला दोन बायका ही ओळ आजच घातली.

31 जानेवारी, शुक्रवार

लवकर गेलेल्या सेविकांना फोन लावतेय. संध्याकाळी साडेसातनंतर, भाकऱ्या झाल्यावर, तेव्हाच त्या निवांत बोलतात. रेंज येते-जाते.

प्रश्न एकच. त्या सोमवारी काही केलंत का? काहींनी केलं, काहींना जमलं नाही, आणि जमलं नाही हे फोनवर सांगणं कागदावर लिहिण्यापेक्षा त्यांना सोपं जातंय असं दिसतं. सहसा कारण एकच, हातात माणूस नाही. मदतनीस पाणी आणायला गेलेली, चूल पेटवलेली, आणि सेविका एकटी पंचवीस मुलांत. त्यातली पाच-सहा अडीच वर्षांची, थोरल्या भावंडामागे आलेली. गटात शिकवायचं म्हटलं तर दुसरी मोठी व्यक्ती लागते.

भाषेच्या सत्राची टिपणं त्यांना हवी आहेत. ध्वनिमुद्रण पाठवावं, असं दोघींनी सुचवलं. लेखी नको, ऐकत ऐकत स्वयंपाक होतो.

11 फेब्रुवारी, मंगळवार

डोंगरपट्ट्यातल्या एका बीटात मदतनिसांबरोबर बसलो. दुपारी दोननंतर, केंद्रं बंद झाल्यावर, समाजमंदिराच्या ओट्यावर. सेविकांना मुद्दाम बोलावलं नव्हतं आणि तसं त्यांना आधी सांगितलं होतं, म्हणजे कोणाच्या मनात किंतू नको. कागद-पेन बाजूला ठेवले. माझी सहकारी याच भागातली, ती वारलीत बोलत होती.

सुरुवातीला कोणी बोलेना. मग सहकारीने सोबत आणलेला लांबी मोजायचा फळा मधोमध ठेवला आणि एका बाईच्या मांडीवरच्या दीड वर्षाच्या नातवाची लांबी मोजायला घेतली. एकटीने. पोर रडायला लागलं, गुडघे वर घेतले, डोकं फिरवलं. दोन मदतनीस न सांगता पुढे सरकल्या. एकीने डोकं फळ्याच्या वरच्या टोकाला टेकवून दोन्ही तळव्यांत धरलं, पोराच्या डोळ्यांत बघत काहीतरी पुटपुटत राहिली. दुसरीने गुडघ्यांवर हलका दाब देऊन पाय सरळ केले आणि सरकपट्टी टाचांना लावली. पोर गप्प. आकडा नीट आला.

मग सहकारीने विचारलं, हे कोणी शिकवलं? कोणीच नाही. सेविकेला प्रशिक्षण होतं, ती आल्यावर सांगते तसं करायचं. आणि महिन्याला किती बाळांचं करता? सगळ्यांचं.

मी हे इथे सविस्तर लिहितेय कारण परिषदेच्या अभिप्रायातली सगळ्यात वजनदार गोष्ट मला याच ओट्यावर मिळाली. दोन वर्षांच्या आतल्या बाळाची लांबी झोपवून मोजायची असते, तिला चार हात लागतात. गुडघा वाकला तर लांबी कमी भरते. लांबी कमी भरली की त्या लांबीच्या मानाने वजन बरं दिसतं, आणि खरोखर सुकलेलं बाळ सॅमच्या (तीव्र कुपोषित) यादीत न येता मॅममध्ये (मध्यम कुपोषित) किंवा साधारण श्रेणीत जातं. कुपोषित बाळांसाठीच्या ग्राम बाल विकास केंद्रात दाखल व्हायला हवं होतं ते घरीच राहतं. दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरच्या खाली आहे का हे बघितलं तर काही बाळं सापडतात, सगळी नाही. या मोजमापातले चारपैकी दोन हात मदतनिसाचे आहेत, आणि त्या दोन हातांना आजवर कोणी प्रशिक्षणाला बोलावलं नाही.

त्यानंतर बोलणं सुटलं. रविवार त्यांना खटकला होता. आठवड्यातला तो एकच दिवस, त्यात लाकडं, धुणं, बाजार. पण त्याहून जास्त खटकलं ते असं, की शनिवारी साहेब लोक होते, फुलं होती, फोटो होते. रविवारी खुर्च्या अर्ध्या उचललेल्या. एक वयस्क बाई म्हणाल्या, 'बोलावलंत हे चांगलं केलंत. पण आमचं नाव कुठे होतं?' बॅनरबद्दल बोलत होत्या. त्यांना वाचता येतं की नाही असा विचार करायचं मला काही कारण नव्हतं, त्यांनी बॅनर वाचलं होतं.

काही तरुण मदतनीस बारावी झालेल्या आहेत. 2022 च्या सक्षम अंगणवाडीच्या मार्गदर्शक सूचनांत पाच वर्षं काम केलेल्या मदतनिसांना सेविकापदावर बढतीची तरतूद आहे, हे त्यांना ऐकून माहीत आहे. मुलांबरोबर काम शिकण्याची त्यांची तहान त्यामुळे दुप्पट आहे.

17 फेब्रुवारी, सोमवार

किनारपट्टीचं बीट. इथे मदतनीस जास्त बोलक्या. परिषदेत वाळू-पाण्याचा खेळ दाखवला होता. एकीने सांगितलं की ट्रे वगैरे नाही माझ्याकडे, पण सध्या वालाच्या शेंगा आहेत. भाजीला त्या सोलायच्याच असतात. मी चार पोरांना घेऊन बसते. कोणाच्या शेंगेत किती दाणे ते ओरडून सांगतात, टरफलं एका टोपलीत, दाणे दुसऱ्या. किडका दाणा आला की वेगळा. एक पोरगा आधी कशालाच हात लावत नव्हता, तो आता किडके शोधण्यात सगळ्यांत पुढे.

मोजणी, वर्गीकरण, बोटांची पकड, बोलणं, आणि स्वयंपाकही थांबला नाही. सकाळच्या पंचवीस मुलांतली चार तिच्याकडे, म्हणून सेविकेला गोष्ट सांगायला जरा मोकळीक. 31 जानेवारीच्या नोंदीतल्या अडचणीचं उत्तर या बाईने स्वतः शोधलंय. तिला विचारून, तिच्या परवानगीने, हे फोनवर चित्रित केलं. मुलांचे चेहरे घेतले नाहीत, हात आणि टोपल्याच.

24 फेब्रुवारी, सोमवार

मुख्यसेविकांशी बैठक. त्यांचंही म्हणणं घ्यायला हवं होतं, कारण परिषदेत त्या दोन्ही दिवस राबल्या आणि त्यांना कोणी कागद दिला नव्हता. एकेकीकडे वीस-पंचवीस केंद्रं, काहींकडे रिक्त बीटाचा अतिरिक्त भार. त्या स्पष्ट बोलल्या. केंद्राला भेट दिली की नोंदवह्या आणि ट्रॅकर तपासण्यातच वेळ जातो, सेविका गोष्ट कशी सांगते ते बसून ऐकावं असं वाटतं, पण भेटीच्या नमुन्यात तो रकानाच नाही. 'मला शिकवताना कोणी पाहत नाही' ही कागदावरची ओळ मी वाचून दाखवली, बीट न सांगता. खोलीत कोणालाही ती आपल्यावरचा आरोप वाटली नाही. एक मुख्यसेविका म्हणाल्या, मी दर भेटीत पंधरा मिनिटं फक्त बसेन, रकाना असो-नसो.

स्थलांतराचा मुद्दाही इथे निघाला. दिवाळीनंतर भट्ट्यांवर गेलेली कुटुंबं शिमग्याला परततात. तीन-चार महिने बाहेर राहिलेली मुलं मार्चमध्ये एकदम येतात, वजन घटलेलं, गटात न मिसळणारी. परिषद जानेवारीत घेतली, तेव्हा ही मुलं गावात नव्हती आणि चर्चेतही नव्हती. होळीनंतरचा आठवडा त्यांच्या मोजमापासाठी राखायचं ठरलं.

5 मार्च, बुधवार

उत्तराचा कागद लिहायला घेतला. वरिष्ठ कार्यालयाला जाणारा अहवाल वेगळा, तो झालाय. हा कागद हजर असलेल्यांसाठी आहे. तुम्ही काय म्हणालात, त्यावर काय होणार, काय आमच्या हातात नाही आणि ते कोणाकडे पाठवलं. एक पान, मोठं अक्षर, आणि सोबत ध्वनिमुद्रण, मराठीत आणि वारलीत. डोंगरपट्ट्याच्या एका बीटात केंद्रं इतकी थोडी आहेत की बीटाचं नाव लिहिलं तर बाई ओळखू येईल. त्यामुळे पानावर कुठेच बीट नाही.

प्रकल्प अधिकारी मॅडमसोबत ओळ न् ओळ वाचली. पहिलीच्या शिक्षकांबरोबर केंद्रस्तरावर एकत्र बैठक, शिक्षण विभागाला पत्र गेलं. मासिक बैठकीत ट्रॅकरसाठी कायमचं टेबल, एकाऐवजी दोघी. मदतनिसांचं लांबी-वजनाचं प्रशिक्षण, रविवारी नाही, बीटातच, दुपारी दोननंतर. या शेवटच्या मुद्द्यावर मॅडम थोड्या थांबल्या, कारण दुपारी दोननंतर बोलावलं तर प्रवासखर्च कुठल्या शीर्षाखाली टाकायचा. तो आमच्या संस्थेने द्यायचा ठरला, या वर्षापुरता. मानधन आणि ग्रॅच्युइटीचे प्रश्न जसेच्या तसे वर पाठवल्याचं लिहिलं. त्यावर कुठलंही आश्वासन लिहिलं नाही, देण्यासारखं आमच्याकडे नाही.

20 मार्च, गुरुवार

मासिक बैठकीत पान वाचून दाखवलं. ध्वनिमुद्रण आदल्या रात्रीच गटांवर गेलं होतं, त्यामुळे बऱ्याच जणी ऐकून आल्या होत्या.

मागच्या रांगेतून एक सेविका उठून म्हणाल्या, मदतनिसांना सगळं शिकवलं तर उद्या आमचंच काम त्यांच्यावर टाकून आम्हाला आणखी नोंदी भरायला लावाल. सभागृहात कुजबुज झाली, काहींनी माना हलवल्या. ही भीती खोटी नाही. मॅडमनी सांगितलं की मोजमापाची जबाबदारी आणि नोंद सेविकेचीच राहील, दुसरे दोन हात शिकलेले असतील एवढंच. त्या बाईंचं पूर्ण समाधान झालं असं मला वाटलं नाही. हा मुद्दा पानाच्या पुढच्या आवृत्तीत घालतेय, त्यांच्याच शब्दांत.

परतलेल्या मुलांची मोजणी सुरू आहे. पुढच्या आठवड्यात मुख्यसेविका याद्या देतील.

2 एप्रिल, बुधवार

पोषण पंधरवडा 8 ते 22 एप्रिल, त्यात सगळी बीटं अडकणार, म्हणून मदतनिसांचं पहिलं प्रशिक्षण आजच उरकलं. डोंगरपट्ट्यातला तोच ओटा. प्रत्येक मदतनीस आपल्या सेविकेसोबत जोडीने आली, आणि मोजायला गावातली बाळं आयांसकट हजर. जोडीने प्रत्येक बाळाची लांबी दोनदा घ्यायची, दोन आकड्यांत अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. पहिल्या फेरीत बऱ्याच जोड्यांना तिसऱ्यांदा घ्यावी लागली, दुसऱ्या फेरीत मोजक्याच. 20 मार्चला मागच्या रांगेतून बोललेल्या सेविका आपल्या मदतनिसाला घेऊन आल्या होत्या आणि सगळ्यांत आधी फळ्याशी बसल्या.

वालाच्या शेंगांचं चित्रण दाखवलं. आता शेंगा संपल्या, मग काय वापरायचं, यावर चिंच, मोहाची फुलं, करवंदं अशी यादी तिथेच तयार झाली.

पुढची कामं. किनारपट्टीच्या बीटाचं प्रशिक्षण 25 एप्रिलला. फळ्याची सरकपट्टी सैल झालेल्या केंद्रांची नावं मुख्यसेविकांकडून घ्यायची, दुरुस्ती सुट्टीआधी. शिक्षण विभागाकडून पत्राचं उत्तर आलेलं नाही, सोमवारी स्वतः जाऊन विचारायचं. पुढच्या परिषदेचं बॅनर छापायला देताना मजकूर : अंगणवाडी मदतनीस व सेविका परिषद.